म्हाताऱ्या उंदरांची चमक

"दार लावा! आधी दार लावा, मग तुम्ही कोण ते सांगा!"

मिर्तो ओरडली तोवर उशीर झाला होता. आलेल्या उंच माणसाने दार तर सताड उघडं टाकलंच, वर चाचपडत भिंतीवरचं बटणही दाबलं. सूक्ष्मदर्शकाची अंधारी खोली लख्ख उजळली आणि मिर्तोचा अर्ध्यावर आलेला फोटो पांढराफटक पडला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माफ करा... बटण हाताला लागलं म्हणून—"

"बॉम्बचं असतं तरी दाबलं असतंत?"

"आत तुम्ही आहात हे माहीत असतं तर... नसतं दाबलं."

त्याच्या केसांतून, कोटातून, छत्रीतून यानिना गावाचा हिवाळी पाऊस ठिबकत होता. पापण्यांवरही थेंब होते. मिर्तोला ते दिसले, आणि ते आपल्याला दिसावेत याचा तिला आणखी राग आला.

तो स्त्रातिस. अथेन्सहून जूनपर्यंतच्या कंत्राटावर आलेला. मेंदूच्या पेशींचे फोटो काढायचे आणि त्यांतली चमक मोजायची, हे त्याचं काम. म्हणजे रोज त्याच अंधाऱ्या खोलीत, तिच्याच शेजारच्या स्टुलावर.

मिर्तोच्या नाकावर कायम राग असे, हे खरं. पण तो माणसांवरचा नव्हताच, म्हातारपणावरचा होता. तिचे बाबा, लाम्बिस, गावातले नावाजलेले चांदीचे कारागीर. केसाएवढी बारीक तार वळवून पानं-फुलं करणारे. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांनी पक्कड हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि लेकीला विचारलं, "हे कशासाठी असतं गं?" त्या दिवसापासून तिचं वयाशी भांडण होतं. मेंदूत सफाई करणाऱ्या पेशी असतात. तरुणपणी त्या साचलेला मळ गिळतात आणि पचवून टाकतात. वय झालं की त्याच पेशी सुस्तावतात, मळ साचत जातो, आणि कारागीर स्वतःच्या पकडीला ओळखेनासा होतो. त्या पेशींना पुन्हा जागं करील असं वाटणारं एक औषध मिर्तोच्या हाताशी होतं. तरुण उंदरांत ते चाललं होतं.

"तरुण उंदरांत काय, काहीही चालतं!" ती स्त्रातिसला म्हणाली. "आजार म्हाताऱ्यांचा, आणि तपासायचं कोवळ्या पोरांवर! का? तर म्हातारे उंदीर महाग पडतात आणि वाट बघावी लागते. मी माझे दोन वर्षं वाढवलेत."

"दोन वर्षं? आणि त्या बिचाऱ्यांना रोज तुमची बोलणी?"

"उंदरांना मी बोलत नाही."

"मग मला उंदीर करा."

"त्याला अक्कल लागते."

तो हसला. त्याचं हसू अंधारातही ऐकू येई, हीच तर पंचाईत होती. हळूहळू 'तुम्ही'चं 'तू' झालं. एकाच पडद्यावर बघताना खांद्याला खांदा लागे, आणि दोघंही पेशींकडे जरा जास्तच वेळ बघत राहत.

मग संत स्त्रातिसचा दिवस आला. ज्याच्या नावाचा सण, त्यानेच सगळ्यांना खाऊ घालायचं. नेमकी त्याच सकाळी मिर्तो म्हाताऱ्या उंदरांच्या मेंदूचे काप काचांवर घेऊन त्यांना रंग लावत होती. स्त्रातिस गरमागरम, खुसखुशीत बुगात्सा पेस्ट्रीचा खोका घेऊन हजर झाला. तिला बाहेर ओढून नेऊनच त्याने पहिला तुकडा दिला. वरची पिठीसाखर तिच्या ओठाला लागली.

"इथे..." तो म्हणाला.

"कुठे?"

"इथे—" आणि दाखवायला उचललेलं बोट लागलंच.

 बाहेर तळ्यावर धुकं उतरलं होतं, ते बघायला दोघं बराच वेळ खिडकीशी उभी राहिली. रंगवताना एक काच मुद्दाम बिनरंगाची ठेवायची असते, पडताळ्यासाठी. ती त्या दिवशी ठेवायची राहिली.

फोटो आले, आणि म्हाताऱ्या पेशी नुसत्या झगमगत होत्या! जिथे रंग चमकेल तिथे मळ गिळला गेला, असं समजायचं. स्त्रातिसने मोजलं, तर चमक तरुणांहूनही जास्त. म्हातारे उंदीर मोजकेच होते, म्हणून सगळ्यांनाच औषध दिलेलं. औषध न दिलेला म्हातारा ताडून बघायला उरलाच नव्हता. विभागप्रमुख बाईंनी शुक्रवारी रुग्णांच्या घरच्यांना सभागृहात बोलावून बातमी सांगायचं ठरवलं. मिर्तोने तर तेवढीही कळ काढली नाही. "बाबा, चाललं! औषध चाललं!" ती फोनवर किंचाळली. पलीकडे बाबा रडत होते.

बुधवारी काचांची पेटी आवरताना तिला एक उरलेला काप सापडला. रंग न लावलेला. तिने तो सहज म्हणून भिंगाखाली ठेवला.

तोही चमकत होता.

आता कुठे तिच्या ध्यानात आलं. म्हाताऱ्या पेशी मळ गिळतात, पण पचवू शकत नाहीत. वर्षानुवर्षांचा तो न पचलेला मळ त्यांच्या पोटात आपला आपणच चमकतो. स्त्रातिसने आजवर फक्त तरुण मेंदू पाहिले होते. त्या कचऱ्यालाच औषधाचा गुण समजून त्याने मोजलं होतं.

"काय मोजलंस तू?" तो आत येताच ती त्याच्यावर तुटून पडली. "उकिरडा मोजलास, स्त्रातिस! उकिरडा मोजून सोनं म्हणून माझ्या हातात दिलास!"

तो भिंगावर वाकला. मान वर केली तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "मला माहीत नव्हतं... म्हातारा मेंदू मी कधी—"

"मग विचारायचं! तोंड नव्हतं? बुगात्सा भरवताना बरं होतं तोंड!"

"मिर्तो... बिनरंगाची काच कुठे आहे?"

ती ठेवायची मिर्तोच विसरली होती. मग तिला स्वतःचाच असा राग आला की तो कुठे काढावा ते कळेना. तिने स्टुलाला लाथ मारली. स्टूल पडलं, पायही दुखला.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "शुक्रवार होऊ दे," त्या म्हणाल्या. "मग शांतपणे तपासू."

"म्हणजे वरातीमागून घोडं?" मिर्तो उसळली. "ती माणसं घरी जाऊन आपल्या आईबापांना सांगतील, बाई! मी सांगून बसलेय!"

"मोजणी माझी आहे," स्त्रातिस म्हणाला. "ती मी मागे घेतो. चूक माझी, असं लिहून देतो. आता जाहीर करायला काही उरलं नाही."

यावर बाईंनी त्याला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी त्यांनीच हात टेकले. "पाळा मग पुन्हा उंदीर. बसा दोन वर्षं, ते म्हातारे व्हायची वाट बघत!"

तळ्याकाठी चिनारांखालून मिर्तो तरातरा चालली होती. पाऊस होताच. स्त्रातिस छत्री घेऊन मागून येत होता.

"चूक माझीही होती," ती मागे न बघता म्हणाली. "एकट्याने का घेतलीस अंगावर?"

"तू घेतली असतीस तर तुझं काम काढून घेतलं असतं. मी काय, जूनमध्ये जाणारच."

"मग जा! आत्ताच जा!"

"जाऊ?"

छत्रीवर पाऊस तडतडत होता.

"...नको."

"मी थांबतो," तो म्हणाला. "बाईंनी नाही ठेवलं तर शाळेत शिकवीन, तळ्यात होडी चालवीन. उंदरांसाठी नव्हे हं, मिर्तो. तू मला आवडतेस. ओरडतेस तेव्हासुद्धा... तेव्हा तर फारच."

"आणि बाबा?" ती गर्रकन वळली. "त्यांच्याकडे आहेत दोन वर्षं?"

त्याने छत्री तिच्यावर धरली. "नसतील. तुझ्याशी खोटं नाही बोलणार मी."

तिने त्याच्या छातीवर मूठ मारली. मग दुसरी. मग तिथेच कपाळ टेकून ती रागारागाने रडली. "मलाही आवडतोस," ती त्याच्या ओल्या कोटात पुटपुटली, "आणि त्याचाही मला राग येतो."

घरी दोघं बरोबरच गेली. लाम्बिस ठेवणीतला कोट घालून खिडकीशी बसले होते. शुक्रवार आजच आहे असं त्यांना वाटत होतं.

"बाबा, शुक्रवारचं रद्द झालं," मिर्तो म्हणाली. "मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. ते औषध चालतं की नाही, कुणालाच माहीत नाही."

लाम्बिसनी टेबलावर अशी मूठ आपटली की कॉफीचा कप कलंडला. "मग सांगितलंस कशाला? मी अख्ख्या गल्लीला सांगितलं! आनंदाने झोपलो नाही मी!"

"हो, बाबा."

"हो काय, हो? आधी नीट बघायचं होतंस!"

 सांडलेली कॉफी टेबलाच्या कडेपर्यंत आली, तशी स्त्रातिसने रुमाल काढून पुसली. लाम्बिसचं लक्ष त्याच्याकडे गेलं.

"आणि हा भिजलेला कोण?"

"हा स्त्रातिस. चूक आम्ही दोघांनी मिळून केली. आणि... हा माझा आहे, बाबा."

लाम्बिसनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पायाने एक खुर्ची पुढे सरकवली. "बस." मग ते लेकीकडे वळले, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "उद्या मी पुन्हा विचारीन, औषध आलं का म्हणून. हा कोण, तेही विचारीन. तेव्हा माझ्यावर चिडू नकोस."

"चिडेन," त्यांच्या कोटाची बटणं सोडवत मिर्तो म्हणाली. "पण दर वेळी सांगेन."