मॅनेजर नावाची शेळी

तो लॅबमध्ये आला तेव्हा चिंब भिजलेला होता. बाहेर लख्ख ऊन होतं.

"नदीत पडलात?" मी विचारलं.

"धावत आलो, मॅडम. घरापासनं." तो खुर्चीत कोसळला. "म्हटलं, रक्त द्यायच्या आधी साखर जाळून टाकू."

खालापूरच्या या लॅबमध्ये मी रोज रक्त काढते. लोक देवाचं नाव घेतात, डोळे मिटतात. एका आजोबांनी तर काढलेलं रक्त परत मागितलं होतं. पण रक्ताची अशी आयत्या वेळी तयारी करून आलेला हा पहिलाच.

"एवढं धावलं की साठवलेली साखर उलट रक्तात उतरते," मी म्हटलं. "आणि चिठ्ठीतली दुसरी तपासणी तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगते. तिला आजचं धावणं दिसणारच नाही."

"म्हंजे तिला फसवता येत नाय?"

"नाही."

"आणि तुमाला?"

मी सुई टोचली. तो सुईकडे नाही, माझ्याकडे बघत होता…

धनेश त्याचं नाव. साजगावच्या एका कारखान्यात मशीनवर. रिपोर्ट त्यानं उभ्यानंच वाचला. साखर मधुमेहाच्या रेषेच्या बरीच वर होती.

"बाबांचा पाय यातच गेला," तो म्हणाला. "आई कित्येक वर्षं जखम धुत होती. हा आकडा रेषेखाली आल्याशिवाय मी लग्न करणार नाय. कुणाच्या पोरीला त्या कामाला का लावू?"

डॉक्टरांनी गोळी दिली, रोज भरभर चालायला सांगितलं. आठवड्यानं तो पुन्हा दारात.

"मॅडम, चालताच येत नाय."

"पाय दुखतात?"

"पाय बरे हायत. लोक चालू देत नायत. जो तो गाडी थांबवतो, 'बस रं!' नाय बसलं तर राग. चुलता तर बोलायचाच थांबला."

दोन दिवसांनी संध्याकाळी लॅबमागच्या रस्त्यावर दिसला. हातात दोरी, दोरीला शेळी.

"आईची हाय," तो गंभीरपणे म्हणाला. "शेळीला कोण गाडीत घेत नाय. मॅनेजर नाव हाय तिचं. ऐकत नाय आणि कागद खाते."

मीही रोज त्याच्याबरोबर चालू लागले. खरंच चालतो का ते बघायला, असं मी त्याला सांगितलं. स्वतःलाही तेच सांगितलं.

आमच्यामध्ये मॅनेजर असल्यामुळे गावात चर्चा झाली ती फक्त तिच्या किमतीची. शेतांत वाल फुलावर आला, मग शेंगांवर. मॅनेजरनं माझी ओढणी अर्धी खाल्ली. एकदा धनेशची चाल मंदावली.

"भरभर चाला," मी म्हटलं.

"भरभर चाललं की तुमचं घर लवकर येतं…"

चाल माझीही मंदावली — साखरेचं नुकसान झालं असणार.

तीन महिन्यांनी मीच त्याचं रक्त काढलं. रक्तातली चरबी छान उतरली होती. साखरही उतरली होती, पण रेषेच्या जराशी वरच थांबली होती.

त्या संध्याकाळी त्यानं रिपोर्टची घडी घातली. "उद्यापासनं तुमी येऊ नका, मॅडम."

"का?"

"ठरलं होतं माझं."

"तुमचं ठरलं होतं. माझं कुणी विचारलं?" मी वाटेतच थांबले. "हा आकडा उतरेल, कधी पुन्हा चढेल. जखम होईल की नाही, ते मलाही माहीत नाही. त्या भीतीनं घरी बसू? चालल्यानं उतरतोय ना… मग मी चालणार."

मॅनेजरनं त्याच्या हातातला रिपोर्ट ओढला आणि शांतपणे चावायला घेतला. त्यानं तो सोडवला नाही. मी त्याच्या हातातून दोरी घेतली.

तेवढ्यात एक टेंपो शेजारी येऊन थांबला. "ताई, घेतली काय शेळी? केवढ्याला?"

मी धनेशकडे पाहिलं. त्याचे डोळे भरले होते.

"विकत नाही घेतली, दादा," मी म्हटलं. "सासरची आहे."