तीन नंबर वॉर्डातली एकतीस नावं

हे माझ्या स्वतःच्या बाबतीत घडलंय. ऐकीव नाही, मित्राच्या मित्राचं तर अजिबात नाही. ज्यांना थापा वाटतील त्यांनी खुशाल हसावं. मला कुणाची समजूत घालायची नाही.

आणि ही रात्रीची गोष्टही नाही. मंगळवार होता. दुपारचे सव्वाचार वाजले होते. बाहेर लख्ख ऊन होतं आणि मी पूर्ण शुद्धीत होतो.

मी दगडावर अक्षरं कोरतो. पायाभरणीचे फलक, उद्घाटनाचे फलक, गेलेल्यांच्या आठवणीचे फलक. बाबांचाही हाच धंदा. माझं लग्न राहूनच गेलं, त्यामुळे हे घडलं तेव्हा घरात आम्ही दोघंच. मी पंचावन्नचा, बाबा अठ्ठ्याहत्तरचे. भांडायला तेवढे पुरतात.

बाबांनी मला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली होती. कोरताना ओळ मोठ्याने म्हणायची. डोळा चूक गिळून टाकतो, पण तोंडाने म्हटलं की ती कानाला टोचते. दगडावर एकदा चुकलं की चुकलं, खोडरबर चालत नाही.

तर गेल्या वर्षी एक काम आलं.

शहराबाहेर एक जुनी संशोधन संस्था आहे. सत्तर-बहात्तर वर्षांपूर्वी तिथे घटसर्पावर औषध बनवत होते. मुलांचा घसा आतून धरणारा, श्वास कोंडणारा आजार. घोड्यांना टोचायचं, त्यांच्या रक्तातून औषध काढायचं, आणि ते मुलांना द्यायचं. तबेला, प्रयोगशाळा, मुलांचे वॉर्ड, सगळं एकाच आवारात. कैक वर्षं कुलूप होतं. आता एका समितीने ते जतन करायचं ठरवलं होतं. भेगा बुजवल्या, जुनी सूक्ष्मदर्शकं काचेत ठेवली, आणि तीन नंबर वॉर्डाच्या भिंतीत एक काळा दगड बसवला.

त्यावर काय कोरायचं ते समितीच्या ग्रंथपाल बाईंनी जुन्या रजिस्टरातून उतरवून दिलं होतं. बाई भारी काटेकोर. वर मथळा होता, 'बरी होऊन घरी गेलेली मुले'. खाली एकतीस नावं. प्रत्येक नावापुढे वय, आणि रजिस्टरात होतं तसंच, 'घरी गेला' किंवा 'घरी गेली'.

मी यादी वाचली, आणि शेवटच्या नावापाशी थांबलो.

ते माझ्या काकांचं नाव होतं.

बाबांचा मोठा भाऊ. वय नऊ. नाव इथे लिहीत नाही. का ते पुढे कळेल.

आमच्या घरातली ही जुनी जखम. काकांना त्या संस्थेत नेलं तेव्हा बाबा सहा वर्षांचे होते. महिन्याभराने संस्थेचं पत्र आलं, 'मुलाला घरी पाठवले आहे.' आजीने बाबांना बसथांब्यावर उभं केलं. "दादा उतरला की हात धरून आण," म्हणाली. बाबा तासभर उभे राहिले. मग कंटाळून पलीकडे गोट्या खेळायला गेले.

दादा आलाच नाही.

आजोबांनी चपला झिजवल्या, संस्थेने दरवेळी तेच सांगितलं. पाठवला. आणि बाबांनी जन्मभर एकच मानलं… तेवढ्या वेळात दादा उतरला, कोणी दिसलं नाही म्हणून भलतीकडे गेला, आणि हरवला. आपल्यामुळे.

मी यादी दाखवली तेव्हा बाबा लहान मुलासारखे रडले.

"बघ, बरा झाला होता तो! म्हणजे निघाला होता तिथून. मीच…"

"बाबा, सहा वर्षांचे होता तुम्ही."

"तू कोर. नीट कोर. अक्षर बसकं काढू नकोस."

शुक्रवारी मी काम सुरू केलं.

वॉर्ड रिकामा होता. खाटा रंगवायला बाहेर गेल्या होत्या. नुसती लांबलचक खोली, उंच खिडक्या, आणि टोकाला सिस्टरांच्या खोलीची काच. मी एकटाच.

पहिलं नाव म्हटलं. वय म्हटलं. "घरी गेला."

शेवटचं अक्षर पुरं झालं आणि मागे…

करकर.

लोखंडी खाटेवरून कोणीतरी उतरतं, तशी.

वळून पाहिलं. खाट कुठली असायला! नुसती फरशी.

म्हटलं, जुनी इमारत आहे, कुरकुरणारच. दुसरं नाव घेतलं. "घरी गेली."

करकर… आणि मग अनवाणी पावलं. बारकी. माझ्या मागून दाराकडे.

दार बंद होतं. पावलं थांबली नाहीत. पलीकडे गेली, जिन्यावर गेली, विरली.

पळून का गेलो नाही, असं विचाराल. गेलो होतो. शनिवारी त्या दिवसाच्या दुसऱ्याच नावाला अवजारं टाकून आवारात जाऊन बसलो. पण आत बाबांच्या दादाचं नाव बाकी होतं आणि ते दुसऱ्या कोणी कोरलेलं मला चाललं नसतं. परत आत गेलो.

प्रत्येक नावाला एक करकर. एकदाही चुकली नाही.

आणि एक गोष्ट मला उशिरा कळली. पहिल्या दिवशी त्या खोलीत कसलीतरी बारीक घरघर होती. मला वाटलं पंखा असेल. पंखा नव्हताच. ती घरघर रोज कमी होत गेली. सोमवारी संध्याकाळी एकच उरली होती… एकाच घशातली.

मंगळवारी सव्वाचारला मी शेवटचं नाव म्हटलं. वय, नऊ.

"घरी गेला."

करकर.

पावलं माझ्यापाशी आली. थांबली. उजव्या कोपरापाशी कोणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. मी मान वळवली नाही. माझी हिंमतच झाली नाही.

मग तीही गेली.

आणि त्या खोलीत काहीच उरलं नाही. मला वाटलं, सुटलो.

चार दिवसांनी, शनिवारी, उद्घाटन झालं. त्या वॉर्डात काम केलेल्या एक सिस्टर अजून हयात होत्या. वय त्र्याण्णव. त्यांना चाकांच्या खुर्चीतून आणलं होतं. दिसत नव्हतं, म्हणून ग्रंथपाल बाईंनी फलक वाचून दाखवला.

सिस्टरांनी बाईंचा हात घट्ट धरला.

"बरी होऊन? असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"रजिस्टरात आहे ना, सिस्टर. घरी गेला, घरी गेली."

"अगं बाई… आम्ही 'मेला' म्हणत नसू. वीस-वीस पोरं एका खोलीत. एक गेलं की बाकीची विचारायची. मग म्हणायचो, घरी गेलं. लिहायचोही तसंच, मोठी मुलं रजिस्टर वाचायची. त्या वर्षीचं औषध लागूच पडलं नाही. बारा जणांना दुसरीकडे हलवलं. बाकी एकही नाही वाचलं."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. समितीचे अध्यक्ष बुटांकडे बघू लागले.

मी विचारलं, "पण घरी पत्र गेलं होतं…"

"कारकुनाने रजिस्टर बघून लिहिलं असणार. तो कधी वॉर्डात येत नसे, भ्यायचा."

"मग मुलं कुठे…?"

"तबेल्याच्या मागे. साथ पसरेल म्हणून घरच्यांना देत नव्हते."

तबेल्याच्या मागे समितीने गाड्या लावायला जागा केली आहे. माझी गाडी तिथेच उभी होती.

सिस्टरांनी बाईंचा हात सोडला. मग म्हणाल्या, "घरी कधी जायचं, एवढंच विचारायची पोरं. कोणी नाव घेऊन 'जा' म्हटलं असतं ना, तर तशीच उठून गेली असती."

मी फलकाकडे पाहिलं.

एकतीस जणांना नावाने तसं म्हणणारा मीच होतो.

घरी जाताना ठरवलं, बाबांना खरं सांगायचं. निदान त्यांच्या छातीवरचा तो दगड तरी उतरेल. थांब्यावर कोणी उतरलंच नव्हतं. चूक त्यांची नव्हती.

दार उघडलं तर बाबा जेवणाच्या टेबलाशी बसलेले. समोर दुधाचा पेला. दूध बाबांना बिलकूल आवडायचं नाही.

"दादा आलाय," ते हळूच म्हणाले.

घर तेच आहे आमचं, आजोबांच्या वेळचं. त्याला सापडायला वेळ लागला नसणार.

"मंगळवारपासून येतो. तुला सांगितलं नाही, तू चिडचिड करतोस. रोज सव्वाचारला येतो, अंधार पडेपर्यंत बसतो." त्यांचे डोळे भरून आले. "पण मला ओळखत नाही रे. आजोबा म्हणतो. विचारतो, आई कुठंय?"

मला काही दिसलं नाही. पण आतल्या खोलीत… फरशीवर… पावलं.

मी बाबांच्या कानाशी वाकलो. सिस्टर जे म्हणाल्या ते सांगितलं. सगळं.

त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला.

"हळू बोल. त्याला माहीत नाही."

नंतर तीन महिने हेच चाललं. रोज तो आईला विचारायचा, रोज बाबा "येईल हं" म्हणायचे. आजीला जाऊन चाळीस वर्षं झाली होती. बाबांच्या घशाखाली घास उतरेना. मी समितीच्या मागे लागून फलक काढायला लावला. दगड फुटला, नावं फुटली, येणं थांबलं नाही. वॉर्डात जाऊन परत बोलवू का, असंही मनात आलं. पण कुठे बोलवू? त्या घरघरीत?

मी सगळं सांगितल्यावर बाकीच्या तिसांची घरं शोधायला ग्रंथपाल बाई जुने पत्ते घेऊन फिरल्या. बहुतेक घरं पाडलेली होती. त्यानंतर बाईंनी राजीनामा दिला. त्या मोकळ्या जागांवर त्यांना काय ऐकू आलं, ते त्या सांगत नाहीत.

डिसेंबरात बाबा गेले. झोपेतच. चेहऱ्यावर सुटका वगैरे काही नव्हती, थकलेले होते फक्त.

मला वाटलं होतं, आता दोघं भाऊ एकत्र असतील.

दुसऱ्या दिवशी सव्वाचारला दार वाजलं… आणि पहिल्यांदाच मला आवाज ऐकू आला. घोगरा, अडकत अडकत येणारा, लहान मुलाचा. "आई आली का?"

मी "नाही" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

तेव्हापासून तो रोज येतो. दिवे लावून ठेवून पाहिले, बाहेर निघून जाऊन पाहिलं. बाहेर असलो की आत तो दाराशी वाट बघत असेल, हे डोक्यातून जात नाही. म्हणून मीच परत येतो. आता त्याला माझी सवय झाली आहे. वॉर्डात मुलं बोलत असतील तसं बोलतो माझ्याशी, शेजारच्या खाटेवरच्याशी बोलावं तसं.

काल त्याने आईचं विचारलंच नाही.

मग खुर्ची माझ्याजवळ सरकली आणि त्याने विचारलं…

"तुम्हाला न्यायला कोण येणार?"

मी रात्रभर आठवून पाहिलं. कोणीच नाही.