ओंडक्यांचा कप्पा

"माझा नवरा दारूच्या थेंबाला शिवत नव्हता, आणि बंदरभर बोभाटा झालाय की तो पिऊन जहाजाच्या माल ठेवायच्या कप्प्यात पडला," बाई म्हणाली. मेलेल्या नवऱ्यावरचा हा डाग पुसला जावा, एवढंच तिला हवं होतं.

वहिनींनी काम घेतलं. त्या खाजगी गुप्तहेर. सोबतीला धाकटा दीर असे. भावोजी पायाने चिवट, डोक्याने अंमळ मंद, आणि हे त्यांना स्वतःलाही मान्य होतं.

सहाव्या धक्क्याला लाकडाचं जहाज लागलं होतं. मागे कंटेनरच्या चळती, मधून ट्रकांची रांग. क्रेन ओंडके उचलून ट्रकांवर ठेवत होती. माणूस मेला म्हणून काम काही थांबलं नव्हतं.

"ओले ओंडके बंद कप्प्यातली हवा खाऊन टाकतात," क्रेनवाला म्हणाला. "एकजण आत कोसळला की वाचवायला धावलेला दुसराही जातो. आमच्याकडे प्रेतं जोडीनेच निघतात." तो खो खो हसला. "यावेळी मुकादम वाचला. नशीब त्याचं!"

"तुम्ही काय पाहिलंत?"

"मी पलीकडच्या कप्प्यावर होतो. वळलो तेव्हा ताजी हवा सोडणाऱ्या पंख्याची नळी आत सोडलेली दिसली. मग मुकादम त्याला घेऊन वर आला."

डॉक्टरांनी दोन वाक्यांत उरकलं. एकही हाड मोडलेलं नाही. पोटात दारू नाही, शर्ट मात्र दारूने चिंब.

मुकादम म्हणजे बाईचा सख्खा थोरला भाऊ. रडून त्याचे डोळे सुजले होते. "धप्पकन आवाज आला आणि मी तस्सा खाली उतरलो. हवा मी आधीच तपासली होती, चांगली होती. पिऊन गेला आणि शिडीवरून निसटला, दुसरं काय!"

"बिचारा!" बाहेर आल्यावर भावोजी म्हणाले.

"भावोजी, कोणी रडलं की तुमची अक्कल चरायला जाते."

संध्याकाळी बाईच्या खोलीत मुकादमाला बोलावलं. दारात बंदराचे पोलीस होते.

"उंचावरून पडलेल्याचं हाड मोडतं," वहिनी म्हणाल्या. "याचं मोडलं नाही. तो शिडीने नीट उतरला आणि तळाशी कोसळला. पोट कोरडं आणि शर्ट ओला, म्हणजे दारू मागाहून ओतली. आता हवेचं बोलू. ती चांगली असती तर तो मेला नसता. वाईट असती तर पाठोपाठ उतरलेले तुम्ही जिवंत नसता. तुम्ही लगेच उतरलाच नाहीत, मुकादम. हवा चांगली आहे सांगून त्याला खाली पाठवलंत. तो मेल्यावर पंखा लावलात, आणि हवा बदलेपर्यंत वर उभे राहिलात."

मुकादमाचं रडणं थांबलं होतं.

"मी हवा न तपासता माणसं उतरवतो, अशी तक्रार करणार होता तो. माझी मुकादमी गेली असती."

"ते त्याने फक्त मला सांगितलं होतं," बाई पुटपुटली. "तुला कोणी सांगितलं, दादा?"

मुकादमाने तिच्याकडे पाहिलं. "तूच नाही का आलीस आदल्या दिवशी? 'दादा, त्याला जरा समजाव' म्हणत?"

बाईने तोंडावर दोन्ही हात दाबले. तरी किंकाळी फुटलीच.