भालचंद्राच्या पायातला नारू

तारा, कंदिलाची वात जरा वर कर. तुझ्या भालचंद्रमामाचं विचारलंस, तर सांगते. पण मधे बोलू नको.

निजामाचं राज्य होतं तेव्हा. आम्ही परतूरला राहायचो, स्टेशनाच्या अलीकडे. वडील वकिली करायचे. भालचंद्र माझा धाकटा भाऊ, हैदराबादला बी.एस्सी.ला शिकत होता. त्यांच्या कॉलेजात मुळावेकर नावाचे प्रोफेसर होते. दर उन्हाळ्यात ते एखाद्या विद्यार्थ्याला आपल्या संशोधनात घ्यायचे, आणि ज्याला घेतलं त्याचं नशीब उघडलं अशी ख्याती होती. त्या वर्षी त्यांनी भालचंद्राला निवडलं. आईनं घरोघर पेढे वाटले.

विषय होता नारू. तू नाही पाहिलास, बरंच आहे. घाण पाणी पोटात गेलं की वर्षभरानं पायाला फोड येतो. तो फुटतो आणि पांढऱ्या सुतासारखा किडा डोकं बाहेर काढतो. मंग तो काडीला गुंडाळून रोज बोटाच्या पेराएवढा ओढायचा. घाईनं तुटला, की उरलेला आत सडतो.

गावाबाहेर जुनी बारव होती, बायका पायऱ्या उतरून पाणी भरायच्या. ते पाणी पिणाऱ्यांना नारू हटकून व्हायचा. प्रोफेसर आणि भालचंद्र आमच्याकडे उतरले आणि रोज बारवेवर जायला लागले. त्या दोघांसाठी आई पाणी उकळून, फडक्यानं गाळून ठेवायची. तशी प्रोफेसरांची सक्त ताकीदच होती.

"बारवेवरच्या बायकांना पण सांगावं का, गाळून प्या म्हणून?" मी एकदा विचारलं.

"सांगितलं तर पुढच्या वर्षी नारू कुठून आणायचा?" प्रोफेसर हसले.

भालचंद्रही हसला.

बारवेजवळ गोजरबाई नावाची बाई एकटी राहायची. लोकांच्या शेतात निंदायला जायची, घरी असली की गोधडी शिवत बसायची, दोरा दातानं तोडायची. तिच्या पायात नारू होता. प्रोफेसरांना तो अख्खा हवा होता, बरणीत ठेवायला. पण सुट्टी संपत आली आणि काडीवर निम्मा पण आला न्हाई. त्या दुपारी मी त्यांचा डबा घेऊन गेल्ते.

"उद्याची गाडी आहे," प्रोफेसर म्हणाले. "ओढ."

"हळू वढ, लेकरा… हळू," गोजरबाई म्हणाली. "पाय गेला तर मी काय खाऊ?"

भालचंद्रानं प्रोफेसरांकडे पाहिलं. काडी मुठीत धरली आणि गरकन फिरवली.

तुकडा काडीवर लोंबत राहिला. बाकीचा सर्रकन आत गेला. गोजरबाई ओरडली पण नाही. पायाकडे बघत बसून राहिली.

"वाया गेला," प्रोफेसर म्हणाले, आणि हात धुवायला उकळलेलं पाणी मागितलं.

आषाढात ती गेली. पाय मांडीपर्यंत काळा पडला होता. ती गेल्याचं गावाला वासावरून कळलं.

पुढच्या उन्हाळ्यात भालचंद्र घरी आला तो लंगडत. घोट्यावर फोड होता.

"मी त्या पाण्याचा थेंब पण प्यालो नाही, अक्का," एवढंच म्हणायचा.

त्याचा नारू मीच काढायचे. दुपारी, माजघरात, दारं लोटून. फोडाला शेवाळाचा वास यायचा, गार, जुना. आधी वीतभर आला, मग हातभर. वैद्य म्हणाले, आता संपेल. नाही संपला. काडी भरली, दुसरी घेतली. ती पण भरली. आणि मी काडी फिरवली, की माझ्या कानामागं कुणीतरी अगदी हळू म्हणायचं, "हळू…"

मी वळून बघायचे. कुणी नसायचं.

"तुला ऐकू येतं?" मी एकदा भालचंद्राला विचारलं.

"येतं," तो म्हणाला. "पण मला आतून येतं, अक्का."

जसजसा किडा बाहेर येत होता, तसतसा भालचंद्र रिता होत चालला. आधी पोटरी सुटली, कातडी नुसती रिकाम्या पिशवीसारखी. मग मांडी. वडिलांनी घाबरून प्रोफेसरांना तार केली. काही उपाय सांगतील म्हणून. ते आले, आणि त्यांनी आधी टेप काढून काड्यांवरचा किडा मोजला. डोळे चमकत होते त्यांचे.

"असा नमुना जगात कुणाकडे नसेल."

वडिलांनी कात्री उचलली.

"तोडा, आणि मागच्या वर्षीच्या त्या बाईसारखा जाऊ द्या पोराला," प्रोफेसर शांतपणे म्हणाले. त्यांना तिचं नाव पण ठाऊक नव्हतं.

वडिलांनी कात्री खाली ठेवली.

त्या दिवसापासून काडी प्रोफेसरांनी आपल्या हातात घेतली. मी पेरभर ओढायचे, ते वीतभर ओढायचे.

"सर… थांबा ना…"

"थोडंच राहिलंय."

भालचंद्रानं माझा हात धरला. त्याची बोटं कागदासारखी हलकी झाली होती. "संपणार न्हाई, अक्का. आत कुणीतरी बसलंय… पुरवून पुरवून सोडतंय…"

भर दुपारी तो गेला. आईनं हंबरडा फोडला. वडील भिंतीला धरून उभे राहिले. आणि प्रोफेसर काडी फिरवतच होते. आता किडा बिलकुल अडत नव्हता, रिळावरून दोरा यावा तसा येत होता. आला, आला, आणि टोक बाहेर पडलं.

त्यांनी ते उजेडात धरायला खिडकीचं दार उघडलं. आणि तिथंच थिजले. तोंड उघडं, हात तसाच वर.

मी जवळ जाऊन पाहिलं.

त्या टोकाला गाठ मारलेली होती. सुईतला दोरा निसटू नये म्हणून बायका मारतात ना, तशी. बारीक, घट्ट, नीट. आणि गाठीपुढचा दोरा दातानं तोडलेला होता.