मुठीतली नळी

सकाळी अकराच्या सुमारास सीमा रक्तपेढीच्या खिडकीशी आली. उजवी मूठ घट्ट मिटलेली. मुठीत तिच्या लेकाच्या, चेतनच्या रक्ताची नळी होती, जेमतेम दोन मिली. वरच्या मजल्यावर चार वर्षांचं ते पोर पांढरंफटक पडलं होतं. हिमोग्लोबिन तीन.

“डाक्टर म्हनले, गार पडू द्याची न्हाई,” ती म्हणाली. “काष्टीवरनं आलोय आमी. लवकर बघा, ताई.”

माधुरीने नगरच्या या पेढीत बावीस वर्षं काढली होती. देवावरही ती थर्मामीटर लावूनच विश्वास ठेवायची. हा आजार तिला ठाऊक होता: शरीर स्वतःच्याच तांबड्या पेशींवर उलटतं, गारव्यात पेशी एकमेकींना चिकटतात, ऊब मिळाली की सुटतात.

तिने नळी सदतीस अंशांच्या पाण्यात ठेवली. पाच मिनिटांत रक्ताचे दाणे झाले. दुसरं थर्मामीटर लावलं. सदतीसच.

“धरा जरा,” वैतागून तिने नळी सीमाकडे दिली. मुठीत दाणे विरघळले. पाण्यात घातली की पुन्हा दाणे. तीनदा हेच झालं. माधुरी घाबरली, आणि घाबरल्याचा तिला रागही आला.

शेवटी नळी सीमाच्याच हाती ठेवून तिने थेंब थेंब काढला. कूम्ब्स टेस्ट पॉझिटिव्ह: शरीर आपल्याच पेशींवर उलटलंय, हे नक्की. पेढीतल्या रक्ताच्या अकरा पिशव्या जुळवून पाहिल्या, एकही जुळेना. नळीच्या तळाशी जेमतेम थेंबभर रक्त उरलं होतं.

“मंग माझ्या लेकराला काय चढवायचं?”

“पुण्याला फोन लावते. तोवर हे उबेत ठेवा.”

सीमा बाहेर बाकावर जाऊन बसली.

तासाभराने वॉर्डातून नर्सचा फोन आला. “मॅडम, चेतनला पिशवी कुणी दिली?”

“कुणीच नाही. का?”

“हिमोग्लोबिन सात आलंय. दोनदा तपासलं. खायला मागतोय.”

माधुरी बाहेर धावली.

सीमा भिंतीला टेकली होती. ओठ पांढरे. नखं पांढरी.

माधुरीने तिची बोटं एकेक करून उघडली. बोटं बर्फासारखी गार होती. नळी गरम होती.

बूच घट्ट होतं. रक्त बुचाला टेकलं होतं.

सीमाने डोळे उघडले.

“दुसरी द्या की, ताई,” ती हळूच म्हणाली. “ही भरली.”