मेणातली चरबी

"यात माणूस नाहीच," प्रयोगशाळेतली मदतनीस नाझिक म्हणाली.

बुरुल असानोव्नानं चहाची पेली खाली ठेवली. बिश्केकच्या प्रयोगशाळेत गाठींचे तुकडे तपासण्यात तिचं आयुष्य गेलं होतं, पण असलं वाक्य तिनं पहिल्यांदाच ऐकलं.

"म्हणजे?"

"मशीन म्हणतं, माणसाची जनुकं नाहीत. शेवटी जनावरांशी ताडून पाहिलं. मेंढी आहे. मेणाचा ठोकळाही कसला, नव्या साबणासारखा गुळगुळीत. वरचं मेण मीच तासलं, तेव्हा कुठे आतली चरबी दिसली."

बुरुलनं ठोकळा हातात घेतला.

ठोकळा पातिगुलचा होता. कराकोल गावच्या खानावळीत ती दोन्ही हातांनी लगमानच्या शेवया ओढायची. दोन वर्षांपूर्वी तिथल्या एका खासगी दवाखान्यात तिच्या दंडावरची गाठ काढली. 'सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, साधी चरबी,' असा अहवाल मिळाला. आता त्याच व्रणातून मुठीएवढी, दगडासारखी टणक गाठ वर आली होती.

बुरुलला संशय होता तो त्वचेच्या एका दुर्मिळ गाठीचा. तिच्यात दोन जनुकं तुटून भलतीच एकमेकांना चिकटतात. ती जोडी सापडली तर गोळ्यांनी गाठ आटते. नाही सापडली, तर सोमवारी शल्यवैद्य हात खांद्यापासून काढणार होते. नवा तुकडा द्यायला पातिगुल तयार नव्हती. बुरुलला ती एजे, म्हणजे ताई, म्हणायची. "एकदा सुरी लागली आणि ती चवताळली, एजे. पुन्हा नाही." म्हणून सगळी भिस्त जुन्या गाठीच्या मेणात बसवलेल्या तुकड्यावर होती. तो ठोकळा पातिगुलच्या दिरानं, ओस्माननं, दवाखान्यातून आणला होता.

बुरुल ओस्मानला घेऊन थेट कराकोलला गेली.

पातिगुलची गाठ काढणारे डॉक्टर सुयुन मामितोविच दवाखान्यात जेवत होते. त्यांनी ताट पुढे सरकवलं. "घ्या, बुरुल असानोव्ना. दमून आलात."

"आधी नमुने कुठे ठेवता ते दाखवा."

त्यांनी फ्रीज उघडला. औषधात बुडवलेल्या तुकड्यांच्या बाटल्या होत्या आणि त्यांना खेटून, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, मेंढीच्या शेपटाची चरबी.

"मेव्हणा पाठवतो," डॉक्टर हसले.

"पातिगुलच्या ठोकळ्यात हेच आहे."

हसू मावळलं. "मग याला विचारा. मेंढ्या याच्याकडे आहेत. वाटेत बदलला असेल."

"मेंढ्या आहेत, डॉक्टर," ओस्मान म्हणाला. "मेणात बसवायचं यंत्र नाही."

"तर मग तुमच्या प्रयोगशाळेत घोळ झाला."

बुरुल त्यांच्या हाताकडे पाहत राहिली. बोटांना तूप लागलं होतं.

"ठोकळा आमच्याकडे आला तेव्हा वर अखंड मेण होतं. सूक्ष्मदर्शकाखाली काही पाहायचं तर आधी ठोकळा कापावा लागतो. कापलेल्या ठोकळ्यावर मांस उघडं पडतं, ते पुन्हा झाकत नाही. तुमचा अहवाल दोन वर्षांपूर्वीचा, आणि ठोकळ्याला कुणाची सुरीच लागलेली नाही. न कापता तुम्ही काय पाहिलंत?"

डॉक्टरांनी हात रुमालाला पुसले.

"खरी गाठ कुठे आहे?"

"बादलीत टाकली. चरबीच वाटली. सगळेच टाकतात."

"आणि तिनं ठोकळा मागितला तेव्हा?"

"काहीतरी द्यायला हवं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली चरबी सगळी सारखीच दिसते. तुम्ही जनुकं बघाल असं वाटलं नाही."

"बाईचा हात जाणार होता."

"जास्तीत जास्त एक हात," ते पुटपुटले.

बुरुलला किळस आली. मेंढीची नव्हे, या माणसाची. ती बाहेर पडली, नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले आणि पातिगुलला फोन लावला. तोवर ओस्मान पोलीस चौकीकडे निघाला होता.

"सुरीनं गाठ चवताळली नव्हती, पातिगुल. ती पुरती काढलीच नव्हती, आणि काढलेली कुणी पाहिली नाही. तांदळाएवढा तुकडा दे मला. तो मी स्वतः कापीन."

पलीकडून आवाज आला, "तुम्ही स्वतः ना, एजे? या."

त्या तुकड्यात ती चिकटलेली जोडी सापडली. सोमवारची शस्त्रक्रिया रद्द झाली, गोळ्या सुरू झाल्या.

पुढच्या वर्षी बुरुल त्या खानावळीत शिरली. पातिगुल पीठ ओढत होती. दोन्ही हात लांब पसरत होते आणि दंडावर नुसता व्रण उरला होता. तिनं लगमानचा वाडगा आणून समोर ठेवला. बुरुलनं चमच्यानं हळूच ढवळून पाहिलं.

"पाहू नका," पातिगुल म्हणाली. "तुमच्या वाडग्यात मेंढी घातलेली नाही."