डाव्या विंगेतला शब्द

काका थिएटरवर गेले ते विसरलेला चष्मा आणायला. भर दुपार होती, तालमीला सुट्टी होती, आणि निघताना बायकोनं बजावलं होतं, "चष्मा घ्या आणि तडक घरी या. तिथं गप्पा छाटत बसू नका." आता गप्पा छाटणार कुणाशी? थिएटरात चिटपाखरू नव्हतं. तिकीटवाला खिडकीत टेबलावर डोकं टेकून घोरत होता. त्याची झोप न मोडता काका मागच्या दारानं आत शिरले.

हे काका म्हणजे नाटक मंडळीचे प्रॉम्प्टर. नट वाक्य विसरला की विंगेत, पडद्याआड बसून त्याला हळूच शब्द पुरवायचा, हे त्यांचं काम. सगळा जन्म कुजबुजण्यात गेला, म्हणून मंडळींनी त्यांचं नावच कुजबुजकाका पाडलं होतं. घरीही तीच तऱ्हा. भाजी वाढ म्हणायचं तरी बायकोच्या कानाशी. ती वैतागायची, "अहो, मोठ्यानं बोला की जरा! मी काय वाक्य विसरलेली नटी आहे?" काका हसायचे, आणि तेही बिनआवाजाचं.

हा धंदा त्यांना शिकवला मास्तरांनी. मास्तर डाव्या विंगेत स्टुलावर बसत, काका उजव्या. सिगारेटचा वास लपवायला मास्तरांच्या तोंडात कायम लवंग असायची. सिगारेटची सवय काकांनीही त्यांच्याकडूनच उचलली, लवंगेची तेवढी नाही उचलली. मास्तरांचा एक नियम मात्र पक्का होता. आख्खं वाक्य द्यायचं नाही. पहिला शब्द द्यायचा आणि गप्प बसायचं, पुढचं ज्याचं त्याला आठवतं. आणि ज्याला वाक्य येतंय, त्याच्या वाटेला जायचं नाही.

पुढे मास्तर घशाच्या दुखण्यानं गेले. शेवटी शेवटी पाण्याचा घोटही उतरेना. तेव्हा त्या दुखण्याचं नाव घ्यायला लोक घाबरायचे, डॉक्टरकडे जायची तर बातच सोडा. त्याला कितीतरी वर्षं लोटली. डाव्या विंगेतलं त्यांचं स्टूल तसंच होतं. त्यावर कुणी बसत नसे, आणि का बसत नाही ते कुणाला धड सांगता आलं नसतं.

तर काका आत आले. मागचं दार आपोआप मिटलं आणि अंधार झाला. वरच्या झरोक्यातून उजेडाची एक तिरीप रंगमंचावर पडली होती, बाकी सगळं काळं. जुन्या पडद्यांच्या धुळीचा, ओल्या रंगाचा, लाकडाचा ओळखीचा वास. समोर रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा. कुठेतरी एक फळी करकरली आणि थांबली. काकांनी चाचपडत आपलं स्टूल गाठलं, चष्मा हाताला लागला, आणि तेवढ्यात नाकात वेगळाच वास शिरला.

लवंगेचा.

"आवाज..."

पलीकडून, डाव्या विंगेतून, कुणीतरी कुजबुजलं. नटाच्या कानी पडावं आणि पहिल्या रांगेला कळू नये, अशी बेतशीर कुजबुज. असा एक शब्द टाकायला आयुष्य जातं, ते काकांना ठाऊक होतं. ते जागच्या जागी उभे राहिले. नटाला पहिल्यांदा ऐकू गेलं नाही तर प्रॉम्प्टर किंचित जोर देतो. तस्साच जोर आला.

"आवाज..."

काकांना आधी वाटलं, मंडळीतलंच कुणी टवाळ असणार. त्यांचं डोकं सणकलं. ते तरातरा रंगमंचाच्या मध्यभागी गेले, छातीत हवा भरली आणि ओरडले, "कोण आहे रे तिकडे?"

काहीच झालं नाही. सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसं नुसतं फुस्स झालं. या थिएटरात साधा खोकलासुद्धा मागच्या भिंतीवर आपटून परत यायचा. आज तिकडून काही परत आलं नाही, कारण इकडून काही गेलंच नव्हतं. काकांनी पुन्हा जोर लावला. घशात काटा रुतल्यासारखी कळ आली, आवाज नाहीच.

खरं सांगायचं तर विंगेतल्या कुजबुजीपेक्षा याचीच त्यांना जास्त भीती वाटली. आपण शेवटचं मोठ्यानं कधी बोललो, ते त्यांना काही केल्या आठवेना. दुसऱ्या कुणाचा आवाज बसला असता तर घरादाराला कळलं असतं. कुजबुजणाऱ्याचा बसला, ते कळणार कुणाला? ते स्वतःसुद्धा बेसावध राहिले होते. डाव्या विंगेत पाहण्याची काही त्यांची छाती झाली नाही. धूम ठोकून ते घरी आले, आणि चष्मा पुन्हा तिथेच पडला.

"चष्मा कुठंय?" बायकोनं विचारलं.

काकांनी मोठ्यानं उत्तर द्यायचा प्रयत्न केला. बायको त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिली. तिनं गॅस बंद केला.

"कधीपासून हो?"

"माहीत नाही गं..."

"सकाळी डॉक्टर. कसलीही सबब ऐकणार नाही मी."

कान-नाक-घशाच्या डॉक्टरीण बाई तरुण होत्या, घाईत होत्या, बाहेर गर्दी होती. "काय होतंय काका? किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं. आणि बघा माणसाचा स्वभाव! रात्रभर ज्याचा डोळा लागला नाही तो माणूस तिथे म्हणाला, "काही नाही हो, चार दिवस झाले. थंड पाणी प्यायलो." बायकोनं टेबलाखालून चिमटा काढला. त्याचाही उपयोग झाला नाही. ज्या नावाची मास्तरांच्या घरी भीती होती, तीच आता काकांच्या जिभेवर बसली होती. बाईंनी गुळण्यांचं औषध लिहायला पेन उचललं.

खोलीच्या कोपऱ्यात हिरवा पडदा होता, त्याच्यामागे तपासायचा पलंग. पडदा हलला. स्पिरिटच्या वासातून लवंगेचा वास आला.

"कान..."

काकांनी ओठ घट्ट मिटले. पण जन्माची सवय ती. पहिला शब्द मिळाला की पुढचं वाक्य यावंच लागतं.

"कान दुखतो," काकांच्या तोंडून निघून गेलं. "उजवा. घास गिळला की कळ कानात जाते. आणि चार दिवस नाही हो बाई... महिने झाले असतील. सिगारेट आहे मला. आमच्या मास्तरांचंही असंच..."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "घसा बसलेला दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही, तर यायचंच असतं काका," त्या म्हणाल्या, पण रागावून नाही. त्यांनी मान चाचपून पाहिली, मग नाकातून बारीक दुर्बीण आत घातली. समोरच्या पडद्यावर काकांचा घसा दिसायला लागला. गुलाबी, ओला, आणि एका कडेला खडबडीत पांढरा डाग. बायकोनं काकांचा हात घट्ट धरला.

पुढे भूल देऊन डागाचा तुकडा काढला, तपासायला पाठवला. मानेचा स्कॅन झाला. ते थांबण्याचे दिवस वाईट गेले. काका घरात नुसते येरझाऱ्या घालायचे, बायको धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायची. रिपोर्ट आला तेव्हा बाईंनी आडपडदा ठेवला नाही. "कॅन्सर आहे. पण अगदी सुरुवातीचा आहे, मानेत उतरलेला नाही. रेडिएशननं बरा होण्याची चांगली आशा आहे, आवाजसुद्धा वाचेल. सिगारेट मात्र आजपासून बंद."

बायको तिथेच ढसाढसा रडली. नाव तर घेतलं गेलं होतं, आणि छप्पर काही कोसळलं नव्हतं.

रेडिएशनला चेहऱ्याचा जाळीदार साचा करून काकांना पलंगाला जखडून टाकत. सगळे बाहेर जात, जाड दार बंद होई. आत एकटे काका आणि यंत्राची घरघर. पहिल्या दिवशी त्यांनी भीतभीत नाक फुलवलं. लवंग नाही. कान दिले. कुजबुज नाही. दुसऱ्या दिवशी नाही, नंतरही नाही. मग त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वाक्य येतंय त्याच्या वाटेला मास्तर जात नाहीत! म्हणजे आपलं सगळं बरोबर चाललंय. साच्याच्या आत काकांना हसू फुटलं, आणि तंत्रज्ञ बाहेरून माइकवर ओरडला, "काका, हलू नका हो!"

त्रास झालाच. तोंड कोरडं पडलं, अन्नाची चव गेली, गळ्याची कातडी काळवंडली, पातळ पेजेवर दिवस काढावे लागले. पण हळूहळू सगळं ओसरलं. दुर्बिणीत डाग दिसेनासा झाला. बाई म्हणाल्या, तपासायला येत राहायचं, आणि कुजबुजणं कमी करायचं, त्यानंही घशाला ताण पडतो. एका सकाळी काकांनी मोठ्यानं हाक मारली, "अगं, चहा!" जराशी घोगरी, पण खणखणीत. बायको बाहेर आली आणि डोळे पुसत म्हणाली, "ओरडता कशाला? बहिरी आहे का मी?"

मंडळींनी त्यांना वाजतगाजत परत नेलं. पहिल्या प्रयोगाला काका आपल्या स्टुलावर बसले. चष्मा तिथेच होता, कुणीतरी पुसून ठेवलेला. नाटक रंगलं. नायिकेचं मोठं भाषण सुरू झालं, तिचं नेहमीचं, झोपेतही म्हणेल असं. काका निवांत होते.

लवंगेचा वास आला.

"गाठ..."

काकांचा हात झटकन आपल्या गळ्याकडे गेला. माझं आठवतंय की सगळं, मास्तर! मग आता कुणाला...?

रंगमंचावर नायिका अडखळली. तिनं डाव्या विंगेकडे मान वळवली, क्षणभर बघितलं, आणि पुन्हा भाषण पकडलं.

पडदा पडला तशी ती तडक काकांकडे आली. "काय हो काका? माझं वाक्य चोख चाललं होतं. मधेच शब्द कशाला टाकलात? आणि तोही डावीकडून?"

"मी इथून हललो नाही, पोरी."

"मग तिकडं कोण होतं? आणि 'गाठ' हा शब्द माझ्या भाषणात आहेच कुठं?"

हे म्हणताना तिचा हात आपसूक कानाखाली मानेवर गेला होता. बोटं तिथेच फिरत होती. काकांनी ते पाहिलं. डाव्या विंगेतलं स्टूल त्यांना इथून दिसत होतं, आणि त्यावरची धूळ मधोमध पुसली गेली होती.

काका कुजबुजले नाहीत. बाईंनी वाचवलेल्या त्या घोगऱ्या आवाजात ते मोठ्यानं म्हणाले, "सकाळी तयार राहा. मी घ्यायला येतो."